नुसता छगन

मे महिन्यात शालिग्राम शेठांनी पंखा बंद केला, तेव्हाच लीलाधरला कळलं की बोलणं हळू आवाजात होणार आहे.

"हिलाल तुझाच माणूस ना?" शेठ म्हणाले.

"माझ्या कॉम्प्युटर क्लासला होता. मीच तुम्हाला सांगितलं होतं त्याचं."

"तेच म्हणतो मी. सासुरवाडी कुठली त्याची?"

लीलाधरला माहीत होतं. लग्नात तो वरातीत नाचला होता. तरी उत्तर देताना त्याला वाटलं, आपण हिलालच्या विरुद्ध साक्ष देतोय. "पहूर," तो म्हणाला.

शेठांनी मान हलवली आणि पंखा पुन्हा चालू केला. त्यांचं बोलून झालं होतं.

भानगड अशी होती. गिरणाई सीड्सच्या कपाशीच्या एका वाणाला त्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, एवढी मागणी होती की बियाण्याच्या पाकिटांसाठी दुकानदार जळगावच्या कचेरीत चपला झिजवत होते. कोणत्या दुकानदाराला किती पाकिटं, याचा तक्ता शेठ स्वतः ठरवत. धुळे जिल्ह्याचा तक्ता फक्त धुळ्याच्या कचेरीचे प्रमुख छगन नाना यांनी पाहायचा आणि वाटप जाहीर होईपर्यंत पोटात ठेवायचा. पण आठवडाभर असं चाललं होतं की धुळ्याच्या दुकानदारांना कळायच्या आत पहूरच्या दुकानदारांना धुळ्याचे आकडे तोंडपाठ असत. मग तिकडून शेठांना फोन, 'आमाले एवढीशी पाकिटं आन धुळ्याले एवढी? आमी काय सावत्र हाओ का?'

हे तक्ते पूर्वी फॅक्सने जात. धुळ्याचे फॅक्स बंद करून लीलाधरनेच नवी सोय केली होती. जळगावच्या कचेरीत एक वेब सर्व्हर बसवला होता. धुळ्याहून फोनच्या तारेवरून त्याला जोडायचं, नाव आणि पासवर्ड टाकायचा, की आपलं पान समोर. नाव-पासवर्ड तपासायचं काम सर्व्हरच्या आत बसवलेला एक छोटा प्रोग्राम करायचा, आणि तो लीलाधरने स्वतः लिहिला होता. दारावर बसवलेला दरवानच म्हणा. तयार मिळणारा दरवान त्याला नको होता, कारण कंपनीची माणसं ज्या जुन्या फाइलमध्ये होती ती त्या तयार दरवानाला वाचता येत नव्हती. शेठांना त्याने छाती पुढे काढून सांगितलं होतं, "यातून परवानगीशिवाय मुंगी जाणार नाही."

आता मुंगी गेली होती. दरवानाच्या नोंदी त्याने पुन्हा पुन्हा चाळल्या. दरवेळी आत जाणारं नाव एकच, छगन. पासवर्ड बरोबर. आणि त्याहून विचित्र म्हणजे तो पासवर्ड सारखा बदलला जात होता. सकाळी धुळ्याहून हिलालचा फोन यायचा, "भाऊ, नानांचा पासवर्ड चालत नाही." मग तिकडूनच नवा लावला जायचा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चालत नसे. फोन कोणत्या गावाहून आला हे नोंदीत उमटायचं नाही. जो जोडेल त्याला मोकळा असेल तो क्रमांक मिळे.

नानांचा पासवर्ड कोणीतरी बदलत होतं. नाना स्वतः संगणकाला हात लावत नसत, त्याला ते 'हाऊ डबा', म्हणजे 'हा डबा', म्हणत. डब्याला हात लावणारा धुळ्यात एकच होता.

"संध्याकाळपर्यंत मला सांग," शेठ दारातून म्हणाले होते. "तो असेल तर त्याला तूच सांगून ये, उद्यापासून येऊ नको म्हणून. तू आणलास, तूच काढ."

*

निघण्यापूर्वी लीलाधरने एक सापळा लावला. धुळ्याच्या तक्त्यात त्याने एक खोटा दुकानदार घुसवला, 'झुलाल कृषी केंद्र, कुसुंबा', आणि त्याच्यापुढे डोळ्यांत भरेल असा पाकिटांचा आकडा टाकला. असं दुकान कुसुंब्यात नव्हतं. हे नाव शेठ, तो आणि नानांचं पान उघडणारा यांच्याशिवाय कोणाच्या तोंडी येणं शक्य नव्हतं. शेठांना हा बेत फार आवडला. लीलाधरला तो बसमध्ये एरंडोलपर्यंत आवडला. पारोळ्याला रसवंतीवर गाडी थांबली तेव्हा त्याला आठवलं की हिलाल क्लासला पिंप्राळ्यात यायचा तेव्हा संगणक बंद करून झाल्यावर त्या यंत्राला नमस्कार करायचा. मुलं हसायची. पण नमस्कार करणारे चोऱ्या करत नाहीत असं कुठे आहे, असंही त्याच्या मनात आलं, आणि रस त्याला कडू लागला.

धुळ्यात देवपूरच्या कचेरीत पोचला तेव्हा हिलाल एकटाच होता. नाना प्रात्यक्षिकाच्या शेतावर गेले होते. हिलालने धावत येऊन त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"भाऊ, आधी कळवायचं ना, स्टँडवर आलो असतो घ्यायला. आज परत तेच. नानांचा पासवर्ड चालेना. तुमच्यासमोरच करून दाखवतो."

'माझ्यासमोर नाटक करायला तुला काय लागतं,' लीलाधरच्या मनात आलं. तो शेजारी खुर्ची ओढून बसला.

हिलालने मॉडेमच्या वेगळ्या लाइनवरून जोडणी केली. मॉडेम कोकलून गप्प झाला. नाव आणि पासवर्ड टाकला. दरवानाने नाही म्हटलं. मग हिलालने 'पासवर्ड विसरलात?' यावर टिचकी मारली. ही सोयही लीलाधरचीच. विसरलेल्या माणसाला ओळखायला एक प्रश्न विचारायचा असतो. पुण्याच्या पुस्तकांत आईचं माहेरचं आडनाव विचारतात. इकडे ते अख्ख्या गावाला पाठ असतं म्हणून त्याने प्रश्न ठेवला होता, 'घरची देवी कोणती?' हिलालने उत्तर टाकलं. दार उघडलं. त्याने नवा पासवर्ड लावला आणि तक्ता समोर आला.

लीलाधर पडद्याकडे न बघता हिलालकडे बघत होता. हिलालची नजर एकेका नावावरून खाली सरकत गेली. कुसुंब्यावर थांबली. त्याने ओठ किंचित उघडले, मिटले, चोरट्या नजरेने लीलाधरकडे पाहिलं आणि पान खाली सरकवलं.

"काही चुकलंय का?" लीलाधरने विचारलं.

"नाही नाही. काही नाही." हिलाल उठला. "चहा सांगून येतो भाऊ. लगेच."

चहावाला खाली जिन्यापाशीच होता. खिडकीतून लीलाधरला तो दिसत होता, त्याचा स्टोव्हसुद्धा दिसत होता. हिलाल त्याच्याशी दोन शब्द बोलला आणि मग रस्ता ओलांडून समोरच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमध्ये शिरला. काचेआड त्याची पाठ दिसली. फोन कानाला लावून तो हसत होता.

चहा आला, हिलाल आला. दोघांनी चहा घेतला. हिलालने विचारलं, जळगावला ऊन कसंय. लीलाधरने सांगितलं, तुमच्यापेक्षा जास्त.

कप खाली ठेवतो न ठेवतो तोच टेबलावरचा फोन वाजला. शेठ होते. त्यांचा आवाज कायम शेतातून हाक मारल्यासारखा, त्यामुळे लीलाधरने रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला.

"पहूरहून फोन होता. विचारतात, हा कुसुंब्याचा झुलाल कोण उपटला म्हणून! सापडला का नाही तुझा उंदीर?"

"बघतो," एवढंच लीलाधर बोलला आणि फोन ठेवला. हिलाल कपबश्या गोळा करत होता.

"हिलाल, चहा सांगायला एवढा वेळ?"

"बूथवर गेलो होतो जरा."

"कचेरीत फोन आहे की."

"खासगी होता, भाऊ. कचेरीचा कसा वापरू?"

"कुठे केलास?"

हिलाल हसला, आणि त्या हसण्याचा लीलाधरला मनापासून राग आला. "पहूरला," हिलाल म्हणाला. "ती बाळंतपणाला गेलीय ना माहेरी. रोज करतो."

खरं बोलणारा माणूस एवढं सहज बोलतो, आणि पक्का खोटारडाही एवढंच सहज बोलतो. लीलाधरने पिशवीतून नोंदींचे कागद काढले, जळगावहून छापून आणलेले, बाजूला भोकं असलेले लांबच लांब कागद. त्याने ते टेबलावर पसरले आणि ज्या नोंदींवर लाल पेनने खुणा केल्या होत्या त्या हिलालच्या पुढे सरकवल्या.

"हे वाच आणि तुला काही सांगायचं असेल तर आताच सांग. शेठांच्या आधी मला सांग."

हिलालने कागदाकडे पाहिलं, मग लीलाधरकडे. त्याचं हसू जागेवरच होतं, पण त्यात आता काही नव्हतं. "म्हणजे तुम्ही याच्यासाठी आलात," तो म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

*

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली आणि छगन नाना आत आले. धोतराला शेतातली माती, डोक्यावर टोपी, घामाने भिजलेली. साठी उलटलेला माणूस; धुळे जिल्ह्यातला एकही बियाणेवाला त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसे.

"लीलाधर, कवय उना रे? आन हाई काय बठ्ठा पसारा मांडेल शे?"

"मघाशीच आलो, नाना. हा पसारा म्हणजे तुमच्या नावाने कोण कोण आत गेलं, त्याच्या नोंदी आहेत."

नानांनी चष्मा लावला. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता यायची, सावकाश, एकेक सोडवत. त्यांनी लाल खुणेवर बोट ठेवलं आणि अक्षरं लावत गेले. मग पुढच्या खुणेवर. मग त्यांनी चष्मा काढला.

"हाऊ छगन कोन शे?"

"तुम्ही, नाना."

"मी?" नानांचा आवाज चढला. "माले नुसता छगन म्हनस कोन? मन्हा बाप मरना तवयपाईन माले कोनी नुसता छगन म्हनेल नही! तुमना डबा माले छगन म्हनस? त्याना काय बारशाले मी जेवेल शे का तो मन्हा?"

हिलालला अशा वेळीसुद्धा हसू आवरेना. लीलाधर घाईने म्हणाला, "नाना, मशीन आहे ते, त्याला काय मानपान. हिलाल जे नाव टाकतो तेच ते लिहितं."

"मी नुसतं छगन टाकत नाही," हिलाल म्हणाला.

"मग काय टाकतोस?"

"छगननाना. तुम्हीच दिलं होतं ना नाव. यशोदाबाईंनी यादी केली होती."

लीलाधरला आठवलं. खात्यांची यादी कचेरीतल्या जुन्या टायपिस्ट यशोदाबाईंनी केली होती. त्याने सांगितलं होतं, नुसती नावं लिहा, आडनाव नको, लहान ठेवा. त्यांनी सगळ्यांना नाना, आबा, भाऊ लावून आणलं. 'म्हाताऱ्या माणसाचं नाव तोडून कसं लिहू? हात धजत नाही,' असं त्या म्हणाल्या होत्या. तो हसला होता आणि यादी तशीच भरली होती.

मग यातला 'नाना' गेला कुठे?

त्याने बोटांवर मोजलं. सी, एच, एच, ए, जी, ए, एन. सात. दरवानाला नाव धरून ठेवायला त्याने आठ घरांचा डबा दिला होता, आणि मनात धरलं होतं की आठ अक्षरं मावतील. पण शेवटचं घर 'इथे शब्द संपला' ही खूण ठेवायला लागतं. राहतात सातच. पुढचं जे असेल ते दरवान न कुरकुरता कापून टाकत होता. लीलाधरचं स्वतःचं नाव इंग्रजीत आठ अक्षरांचं. ते रोज कापलं जात होतं, पण लिहितानाही कापलं आणि तपासतानाही कापलं, म्हणून जुळत होतं, आणि त्याला कधी कळलंच नव्हतं.

"हिलाल, बाहेर पड. परत नाव टाक. छगन आणि पुढे काहीही लाव, पासवर्ड आत्ता लावलास तोच."

"काहीही म्हणजे?"

"काहीही. मामा लाव."

हिलालने छगनमामा लिहिलं. दार उघडलं. धुळ्याचा तक्ता समोर.

"मामा कोनले बनावस रे?" नाना गरजले.

लीलाधरचं नानांकडे लक्ष नव्हतं. तो यशोदाबाईंची यादी आठवत होता. पहिली यादी धुळ्याची. एप्रिलच्या शेवटी तिला आणखी नावं जोडली होती, पहूरच्या गोदामाची. त्यांत गोदामावरचे छगन भाऊ होते. छगनभाऊ. सात अक्षरांनंतर कापलं की छगन.

त्याने पहूरला फोन लावला.

"हं, बोल भो लीलाधर!" पलीकडून छगन भाऊंचा मोकळा आवाज आला. मागे हमालांची गडबड होती.

"भाऊ, तुम्ही कॉम्प्युटरवर तक्ता बघता का?"

"मंग! रोज. पोरगं जोडून देते, मी वाचतो. तुनंच तं देलं नं आमाले."

"कुठला तक्ता येतो तुम्हाला?"

"धुळ्याचा. आमचा तं फॅक्सनं येते. मले वाटलं, शेठनं भरोसा टाकला आपल्यावर, धुळ्यावरबी नजर ठेवा म्हणून. दुकानदार येतात गोदामावर, त्याइले वाचून दाखवतो. पण तो तुवा पासवर्ड लय चावट आहे भो. रोज सकाळी म्हणते, चुकला. मंग ते देवीचं इचारते."

"तुम्ही काय उत्तर देता?"

"कानबाई. दुसरी कोनती?"

लीलाधरने फोनवर हात ठेवला आणि हिलालला विचारलं, "नानांची देवी?"

हिलालने आणि नानांनी एकदमच सांगितलं, "कानबाई."

अर्ध्या खानदेशाने तेच उत्तर दिलं असतं. लीलाधरच्या स्वतःच्या घरीही श्रावणात कानबाईच बसायची. पहूरचं खातं वेगळं बनलंच नव्हतं. धुळ्याच्याच खात्याला दुसरा धनी मिळाला होता. दोन छगन, एकच दार. एकाने पासवर्ड लावला की दुसरा बाहेर. दुसऱ्याने देवीचं नाव घेऊन दार उघडलं की पहिला बाहेर. आणि दोघांना वाटायचं, यंत्रच चावट.

*

दुरुस्ती सोपी होती, लाज वाटावी इतकी. फोनच्या तारेवरूनच लीलाधर जळगावच्या मशीनमध्ये शिरला, आठच्या जागी मोठा आकडा लिहिला, दरवानाला पुन्हा घडवून जागेवर बसवलं आणि कापलेली नावं पूर्ण करून भरली. छगननानाला एक खातं, छगनभाऊला दुसरं. देवीचा प्रश्न काढून टाकला. हिलालने छगनमामा टाकून पाहिलं. दरवानाने हाकलून दिलं. तक्त्यातला झुलालही लीलाधरने पुसला, मान वर न करता.

मग त्याने शेठांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे चोर कोणीच नाही?" शेठ म्हणाले.

"कोणी नाही."

"मग चूक कोणाची?"

हिलाल समोर उभा होता. नाना टोपी मांडीवर ठेवून वारा घेत होते.

"माझी," लीलाधर म्हणाला. "दरवान मी लिहिला."

शेठ त्यांच्या त्या शेतातल्या आवाजात म्हणाले, "बरं झालं बाबा! मग आता हिलालला काढायचं नाही ना? तू सांगून तर नाही ना बसलास त्याला?"

रिसीव्हर लीलाधरच्या कानाशी होता, तरी खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. नानांनी टोपीचा वारा घेणं थांबवलं. हिलालने टेबलावर पसरलेले कागद गोळा केले, भोकांवर भोकं बरोबर जुळवत घड्या घातल्या आणि लीलाधरच्या पिशवीत ठेवले.

"हिलाल," लीलाधर फोन ठेवून म्हणाला, "तो झुलाल तुला दिसला होता. मी बघत होतो. मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तुमच्याकडून चुकून पडलाय. असं दुकान नाही ना कुसुंब्याला. तुम्ही एवढ्या लांबून आलेले, आल्या आल्या चूक कशी काढू? म्हटलं, नाना यायच्या आत हळूच सांगू, चहा झाला की." त्याने पडद्याकडे पाहिलं. "मुद्दाम लावला होता ना?"

लीलाधरने होकारार्थी मान हलवली.

"माझ्यासाठी?"

आता नानांनी तोंड उघडलं. "जाऊ दे रे पोऱ्या. व्हयनं ते व्हयनं. त्याले स्टँडवर सोडी ये, गाडी भेटाव नही मंग."

हिलालने स्कूटर काढली. पांझरेच्या पुलावरून जाताना लीलाधर मागे बसून दोनदा बोलायला गेला आणि दोनदा समोरून ट्रक आला. स्टँडवर हिलालने पिशवी उतरवून दिली, जळगावची गाडी कुठे लागते ते दाखवलं. बायकोची तब्येत कशी आहे, असं लीलाधरने विचारलं. बरी आहे, असं हिलालने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावला लीलाधरने सगळ्यांत आधी नोंदी उघडल्या. धुळ्याचं नाव आत गेलेलं होतं, पूर्ण, नानासकट. त्याने लगेच धुळ्याला फोन लावला.

"हिलाल, चाललं ना आज?"

"चाललं."

"नानांनी नाव पाहिलं का?"

"पाहिलं. खूश आहेत. म्हणाले, आता डब्याला अक्कल आली."

लीलाधर मोठ्याने हसला. पलीकडून हसू आलं नाही.

"काही अडलं तर फोन कर. कचेरीच्या फोनवरून कर, पहूरलासुद्धा. मी शेठांना सांगून ठेवलंय."

"हो साहेब," हिलाल म्हणाला.

लीलाधर रिसीव्हर कानाला धरून थांबला. पलीकडे कोणीतरी नानांना दारात नमस्कार करत होतं.

"आणखी काही, साहेब?"